तीन वाजून दहा

सुरत-भुसावळ पॅसेंजरमधून अमळनेरला उतरवले
खाऱ्या पाण्याचे दोन कॅन, ओल्या गोणपाटात गुंडाळून.
तापी जिकडे जाते
त्याच्या बरोबर उलट आलेली ही पिल्लं,
खेकड्याची, पण अजून खेकडा न झालेली.
पाठीवर एक काटा, काचेसारखं अंग,
तिळाच्या टोकावर मावेल एवढा जीव
आणि त्यात बघावं तिकडे डोळाच.

बरणीच्या एका कडेला टॉर्च धरली
की सगळी त्या कडेला.
दुसरीकडे धरली की तिकडे.
एस.वाय.च्या पोरी हसतात, दरवर्षी कुणीतरी म्हणतंच,
मॅडम, यात्रेतला पाळणा बघायला निघालेत.

मे महिना. दिवसा चव्वेचाळीस.
रात्री दीडला वीज गेली आणि हवेचा पंप थांबला.
बुडबुड्यांचा आवाज बंद झाल्यामुळेच मला जाग आली असावी,
प्रयोगशाळेच्या बाकावर, वहीवर गाल.

तीन वाजून दहा मिनिटांनी टॉर्च लावली.
कुणी वळलं नाही.

मेली असती तर तसं लिहिलं असतं.
ती पोहत होती.
भिंगाखाली हृदय दिसत होतं, उघड्यावर ठेवल्यासारखं,
ठोके मोजले, नेहमीपेक्षा चार कमी, बस.
पाय हलत होते. काटा ताठ.
फक्त उजेड त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.
पाण्यात हवा इतकी होती की जगता यावं,
इतकी नव्हती की बघता यावं.
डोळ्याला फार लागते हवा.
हे मला वाचून माहीत होतं.
तशी खूप गोष्टी मला वाचून माहीत आहेत.

हिलालअण्णा आला, शिपाई, निवृत्तीला सात महिने.
सायकलचा पंप आणला, नळी बरणीत सोडली,
आणि उकिडवा बसून हवा मारायला लागला.
मी मीटरकडे बघत होते.
तो म्हणाला, बाप मन्हा विहिरीसना गाय काढे.

मे महिन्यातच. बोरीच्या पलीकडे, जुनी विहीर.
आधी कंदील सोडायचे दोरीने,
जळत राहिला तर माणूस सोडायचे.
कंदील जळत राहिला.
बाप त्याच्याखाली उतरला, आणखी दोन हात,
वाकला, घमेल्यात गाळ भरायला लागला.
चौथ्या घमेल्याला खालून आवाज आला,
कंदील कोन्ही इझाडा रे?

कुणी विझवला नव्हता.
हिलालअण्णा तेव्हा नऊ वर्षांचा, काठावर पालथा पडून बघत होता,
त्याला कंदील दिसत होता, पिवळा, स्पष्ट,
आणि बापाचं टक्कलसुद्धा.
तो ओरडला, बा, जयी ऱ्हायना ना कंदील!
तुन्हा डोकावरच शे!
खालून बाप शांतपणे म्हणाला, नही.
आणि पाचवं घमेलं भरायला लागला.

पंपाचा दांडा वर. खाली. वर.
चार वाजायच्या सुमाराला एक पिल्लू वळलं.
मग बराच वेळ कुणीच नाही.
मग तीन. मग काचेला धूळ चिकटावी तसा
टॉर्चसमोर त्यांचा थर जमला.
सगळी नाही आली. काही अजून मधोमध फिरत होती,
निवांत,
भर समुद्रात रात्री फिरावीत तशी.
त्यांना काही झालंय असं त्यांना वाटत नसावं.

मी वहीत आकडे लिहिले.
बाप वाचला का, हे विचारायला मला उशीर झाला,
आणि विचारलं तेव्हा अण्णा नळी गुंडाळत होता.

वाचना ना. ओढी काढा चौघासनी.
काठावर बसाडा, पाणी मारं तोंडवर.
भर दुपार. दगडावर हात ठेववत नव्हता असं ऊन.
बापाने चाचपून पोराचा खांदा धरला,
आणि सगळ्यात आधी विचारलं,
दिन बुडना का रे?