अकरावं नाव

ऑफिसनं कळवलंय: किमान अकरा नावं,
नाहीतर मोठ्यांचं अंतराळ-शिबिर यंदापासून बंद.
मुलांचं चालू राहील. मुलांपुढं सगळं आयुष्य पडलंय.

काल रात्रीपर्यंत दहा.
व्हर्लीन टिडवेल, वय एकाहत्तर, टपालखात्यातून निवृत्त,
दर ऑक्टोबरला अलाबामाच्या पार खालच्या टोकाहून
स्वतःची उशी घेऊन येते.
ऑर्विल, गुडघ्यात स्टीलची वाटी,
यानाच्या शिडीवर तीन मिनिटं घेतो
आणि आम्ही उलटी गणती तेवढी थांबवतो.

मी इथला वायरमन.
पॅनेलवरचे निम्मे दिवे
आता कशालाच जोडलेले नाहीत,
हे फक्त मला ठाऊक.
डाव्या खुर्चीचा पट्टा ट्रॅक्टरच्या दुकानातला.

गेल्या वर्षी व्हर्लीननं
चंद्रावर उतरता उतरता इंधन संपवलं.
सगळे मेले.
तिनं हेडफोन काढला, विचारलं,
"पुन्हा करता येईल?"
जेवणाची वेळ टळून गेली होती. केलं.
तिसऱ्या खेपेला उतरलो, जरा तिरके.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
ऑर्विल म्हणाला, "झालं ना? दार उघडा,
मला लघवीला जायचंय."

आज सकाळी कोरा फॉर्म घेतला.
नाव, वय, रक्तगट.
फी पगारातून कापा म्हणून सांगितलं.
'शिबिराला का यायचं आहे' या रकान्याशी
पेन बराच वेळ अडलं.
मागं गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते थांबलं.

मग लिहिलं:
चोवीस वर्षं बाहेरून दार लावतोय.