हरकतीला अधीन राहून

नाव त्र्यंबक दत्तू तांबट. वय एकसष्ट.
धंदा?
धंदा आडनावातच आहे, म्हणालो,
तर टायपिंगच्या बाई गालात हसल्या
आणि तेवढं सोडून बाकीचं टाइप केलं.

समोर टेबलावर तिची कळशी.
लाखेचं सील, दोऱ्याला चिठ्ठी, मुद्देमाल क्रमांक सात.
दोन वर्षं कोंडून ठेवलेली, हिरवट पडलेली.
चिंच लावून घासायला हात शिवशिवले.
पोचा मात्र होता तसाच,
पोटावर, डावीकडं, ओंजळीएवढा.

कांचन निरगुडे.
दुकानाच्या पायरीवर कधी टेकली नाही.
उभ्यानंच सांगायची, "काका, निसटली हातातून."
सात वर्षांत कळशी पाचदा, परात तीनदा,
बंबाचं झाकण,
लेकीला बारशात आलेला तांब्या.
सुटे नसायचे तिच्याकडं, म्हणून मी लिहून ठेवायचो:
तारीख, भांडं, पोचे किती, बाकी किती.
पुरावा म्हणून नाही. उधारी म्हणून.

आरोपीचे वकील उठले. हरकत.
खटला अकरा फेब्रुवारीच्या रात्रीचा आहे,
जिन्यावरून पडल्याचा.
मागची सात वर्षं इथं कशाला?
वही हिशेबाची आहे, मारहाणीची नाही.
"तुम्ही मारताना पाहिलं?"
नाही.
"तिनं कधी सांगितलं?"
नाही. निसटली म्हणायची.
"मग? घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच ना, तांबट?"

लागतं, साहेब.
पण भांड्याला भांडं लागलं की पोचा दोघांना येतो.
त्या घरातून दुसरं भांडं
माझ्याकडं कधी आलंच नाही.

आणि निसटलेली कळशी बुडावर पडते,
नाहीतर काठावर.
भिंतीवर फेकली तर पोच्याला धार येते, बोटाला लागते.
ह्याला धार नाही. फिरवून बघा बोट.
उथळ आहे, कडेनं हळूहळू चढत गेलेला.
समोर जे होतं ते मऊ होतं,
तेही थोडं आत गेलं.

कुणी बोललं नाही.
बाहेर सीबीएसवर कंडक्टर ओरडत होता,
त्र्यंबक, त्र्यंबक, त्र्यंबक,
मला वाटलं माझाच पुकारा.

जे विचारलं नाही ते सांगायची सोय नव्हती:
प्रत्येक पोचा मीच काढला.
आतून खरवई, बाहेरून मोगरी,
वर मठार असा, की बोटाला कळू नये.
"नव्यासारखी झाली, काका."
तीस रुपये.
ही शेवटची तेवढी राहिली,
कारण लग्नसराई होती, काम तुंबलं होतं,
उद्या ये, म्हणालो.

साहेबांनी पेन आडवं ठेवलं. बराच वेळ.
मग म्हणाले, लिहून घ्या,
वही निशाणी एकोणचाळीस,
हरकतीला अधीन राहून वाचावी.
हरकतीचा निर्णय निकालात.

म्हणजे आत घेतली की बाहेर ठेवली?
व्हरांड्यात सरकारी वकीलबाईंना विचारलं.
त्या फायली बांधत होत्या.
"उंबऱ्यावर आहे, काका."

परवा सिडकोतून एक जण आली.
पिशवीतून तांब्या निम्माच बाहेर काढला.
निसटला, म्हणाली.
आळीत सगळीकडं ठोकाठोक चालू होती,
कुणाला कुणाचं ऐकू येऊ नये इतकी.
जुनी वही कोर्टात. नवी उघडली.
तारीख. तांब्या. पोचा एक.
मग विचारलं, कुणाच्या हातून?

ती रस्त्याकडं बघत राहिली.
मी मोगरी उचलली नाही.