अर्धा इंच

असोळण्याच्या दुकानातली बाबांची मापाची वही.
सत्तावन सालापर्यंत पाटलोणीच्या पायाचा घेर
बावीस, बावीस, बावीस,
विगारांच्या भावाचा तेवढा चोवीस.
(राज्य सेंटिमीटरचं होतं; टेप सावंतवाडीची, म्हणून इंच.)
मग मे महिन्यात एकदम चौदा,
आणि पुढे शिसपेन्सिलीने:
'मियानीला अर्धा इंच जास्त. लाझाराचें.'

लाझार म्हणजे लाझार रिबेल, तारवटी.
मोंबासाच्या बोटीवरून उतरला तेव्हा
आईला छत्री, बहिणीला नायलॉन,
आणि कांबळ्याच्या घडीत एक तबकडी.
खारं पाणी लागून लेबल गेलेलं,
गाण्याचं नाव गेलं, गाणाऱ्याचं गेलं,
मधल्या भोकापाशी लाल कागदाचं नखभर उरलेलं.
आणि एक ओरखडा.
लाझार म्हणे, कप्तानाच्या मांजराचा.
ड्रमवाला बोस्त्यांव म्हणे, कस्टमातल्या पाखल्याचा.

मेस्त्र सालू तीन रात्री कान लावून बसला.
देवळाच्या नव्हे, इगर्जेच्या शाळेत सूर शिकलेला माणूस;
ऐकू येईल ते लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही.
सुई जिथे उडायची
तिथे त्याने कागदावर अर्धी मात्रा रिकामी सोडली,
वर लिहिलं: उडी.
ट्रंपेट, दोन व्हायोलिनं, ड्रम,
सगळे तिथे श्वास गिळायचे.

एस्पेरांसच्या लग्नात मांडो झाला, वॉल्स झाला,
म्हातारे सोर्पोतेलवर आडवे झाले,
आणि रात्री दीडला 'लाझाराचें' निघालं.
मी नऊ वर्षांचा, माटवाच्या खांबाला धरून.
पेट्रोमॅक्सखाली तीसेक जोड्या
कुत्रं मागे लागल्यासारख्या नाचत होत्या,
आणि त्या रिकाम्या अर्ध्या मात्रेला
सगळे एकदम वर.
असोळण्याच्या जमिनीवर त्या क्षणी
मी, बाबा आणि विगार, एवढेच होतो.

मग धप्प.
आणि त्या धप्पमध्ये सात पाटलोणी टर्रर्र.

बाबांनी केळीच्या आडोशाला
सात जणांना टॉवेल गुंडाळून उभं केलं.
दिवा मी धरला.
नवरदेवाची आधी शिवली.

पुढे ते कुंकळ्ळीला गेलं, वेळ्ळीला, बेतूलला,
तिआत्रात दोन पडद्यांच्या मधे शिरलं,
जिथे गेलं तिथे उडीसकट.
तबकडी कधीच थकली होती.
लाझारच्या आईने ती गरम पाण्यात मऊ करून
कडा वर वळवल्या, खुरसापाशी फुलदाणी केली.
भोकातून पाणी गळायचं,
म्हणून कागदाची फुलं.

ब्याऐंशी साली मडगावात
रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे उभा होतो.
कॅसेट लागली.
दुसऱ्याच ओळीला ओळखलं, अंगावर काटा आला.
काउंटरखाली पाय सुरू झाले.
उडीची जागा आली
आणि गाणं सरळ पुढे निघून गेलं.
तिथे एक शब्द होता, साधा,
'बेबी' असावा.
माझा उजवा पाय वर होता,
तो कुठे ठेवावा कळेना.

दुकानदाराला सगळा इतिहास पाठ.
कुठल्या देशातलं, किती लाख खपलं,
आधी एका काळ्या माणसाने म्हटलं, त्याला कवडी मिळाली नाही,
मग दुसऱ्याने म्हटलं, त्याने बंगला बांधला.
मी म्हटलं, ह्यांनी उडी काढून टाकली.
तो म्हणाला, मूळ हेच.

असेल.

सालूचे कागद वाळवीने खाल्ले.
लाझार एडनच्या पलीकडे कुठे उतरला, परत आला नाही.
वहीतला शेवटचा अर्धा इंच एकोणसत्तरचा आहे,
एस्पेरांसच्या नवऱ्याच्या मापात.
कंबर एक्केचाळीस.
हा माणूस आता जमीन सोडेल
असं आकड्यांवरून वाटत नाही.
बाबांनी तरी सोडलाय.