कपाट क्रमांक तीन

सेलूच्या आमच्या कॉलेजात कपाट क्रमांक तीनची किल्ली
माझ्याकडं असते.
वरच्या कप्प्यात जुने हजेरीपट, वाळवीची पावडर,
खालच्या दोन कप्प्यांत
कुणी न्यायलाच आलं नाही अशा पदव्या.

समिती येणार म्हणून साहेब म्हणाले,
मॅडम, एकदा यादी करून टाका.
मेच्या सुट्टीत, पंखा पाचवर,
वर पेपरवेट ठेवत ठेवत मोजल्या.
एकशे ब्याऐंशी.
त्यात पोरांच्या एकतीस.

पोरं नेतात.
पोलीस भरतीला, तलाठ्याच्या फॉर्मला,
नाहीच काही तर सोसायटीच्या निवडणुकीत
बॅनरवर नावापुढं बी.ए. लावायला तरी.

कच्छवे सत्यशीला मारोतराव.
बी.एस्सी., पदार्थविज्ञान, विशेष प्रावीण्य.
निकाल जूनमध्ये लागला,
अक्षता मेमध्येच पडल्या होत्या.

शेख नसरीन अब्दुल गफूर.
ग्रंथालयाच्या वहीत हिची सही अजून आहे,
सेंद्रिय रसायन, भाग दोन, परत आलेलं नाही.
वीस वर्षांचा दंड
माहेरच्या पत्त्यावर पाठवायचा की सासरच्या?

गिराम द्वारका.
जिन्यापाशी फळ्यावर ऑइलपेंटात हिचं नाव आहे,
विद्यापीठात तिसरी.
त्याच वर्षी कॉलेजात दुसरा आलेला लोमटे
आज आमचा विभागप्रमुख.
त्याचं जर्नल द्वारकाच्या अक्षरात होतं.
मला माहीत आहे,
मी तिच्या बाकावरच बसायची.

हो, मीही इथलीच.
एम.एस्सी., मग सेट, मग नऊ वर्षं
तासिका तत्त्वावर.
दिवाळीला शून्य, उन्हाळ्यात शून्य,
खडूची अ‍ॅलर्जी तेवढी बारमाही.
कायम जागा निघाली, संस्थेनं आकडा सांगितला.
बापूंनी रात्रभर जुळवाजुळव केली.
आकडा जमत होता.
एकदाच जमत होता.
भाऊही नुकताच पात्र झाला होता
आणि मला काय, आज ना उद्या जायचंच होतं.
कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही.
भावानं पहिल्या पगारात मला घड्याळ आणलं,
ते अजून बरोबर वेळ दाखवतं.
पुढं मी लिपिकाची परीक्षा दिली.

निकालाच्या दिवशी साहेब दरवर्षी पेपरवाल्यांना सांगतात,
यंदाही मुलींचीच बाजी.
मी तेव्हा आत असते,
दाखल्यावर शिक्के मारत.

मंगळवारी खिडकीशी एक बाई आली.
पाथरीहून, सोबत दहावीतली पोर.
म्हणाली, पोरीच्या फॉर्मात आईचं शिक्षण विचारायलेत.
दरवर्षी बारावीच लिहीत आले.
कागद नव्हता ना बाई जवळ,
अन् तेवढंच खरं वाटायचं सगळ्यायला.
पोर म्हणाली, मलाबी तेच माहीत होतं.

मी नाव विचारलं नाही.
ओळखायला वेळ लागला, एवढंच.
लिफाफा काढला, पावडर झटकली.
आधारवर शीला दत्तात्रय ढगे,
पदवीवर सत्यशीला कच्छवे.
नियमानं शपथपत्र हवं, राजपत्र हवं,
पाथरीला दोन खेपा हव्यात.
मी नियमाकडं पाहिलं.
मग रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं.

तिनं पेन उघडला अन् थांबली.
कोणत्या नावानं करू?
मी म्हणाले, वर्गात कोणत्या नावानं हजेरी द्यायचीस?

ती हसली नाही.
सवयीनं हात आडनावाकडंच गेला होता,
एक अक्षर उमटलंही होतं.
ते तिनं दोनदा खोडलं,
आणि शेजारी सावकाश, प्रयोगवहीतल्यासारखं,
पूर्ण नाव लिहिलं.

आता यादीत एकशे एक्क्याऐंशी.
समितीला सगळं स्वच्छ लागतं.
पण त्या रकान्यात एक खोडलेला ढ आहे.
व्हाइटनर ड्रॉवरमध्येच आहे.
लावणार नाही.