मांडे

नववी ब, चौथा तास. समद्विभुज त्रिकोण
निम्मा फळ्यावर, निम्मा माझ्या ओढणीवर.
मागच्या बाकावरून वैजू मुतगेकर:
"टीचर, ह्यो युक्लिड सकाळी काय खायाचा ओ?"

वर्ग फिदीफिदी. मी डस्टर आपटलं.
पुस्तकात त्याच्या नावावर दीड ओळ.
जन्म कुठला, माहीत नाही. आई कोण, माहीत नाही.
दाढीसुद्धा चित्रकाराचा अंदाज.
ज्यानं जगाला सिद्ध करायला शिकवलं
त्याचंच काही सिद्ध होत नाही.

घरी येताना वडगावच्या बोळात
मागांची खटखट चालू होती.
म्हटलं, देऊन टाकू त्याला इथेच एक खोली.

नीलव्वाच्या माडीवर. भाडं अकराशे, लाईट वेगळं.
नीलव्वा घरात कन्नड बोलते, दारात मराठी,
मांजराशी दोन्ही.
त्याच्याशी बोटांनी:
पाणी सहाला. चप्पल बाहेर.

सहाला तो घागर भरतो,
ताटलीत रात्रीची भाकरी, वर तेल-चटणी.
घे वैजू, हे तुझं उत्तर.
मग जिन्यात बसतो कप घेऊन
आणि खालच्या मागावरचा ताणा बघत राहतो:
शेकडो उभे धागे, अंगाला अंग,
एकही दुसऱ्याला शिवत नाही.
तेवढ्यात धोटा आडवा पळतो
आणि सगळ्यांना एका लुगड्यात घेतो.
ह्यावर तो काही लिहीत नाही.
चहा तेवढा गार होतो.

बाजारात त्याला कोण ओळखणार?
कांदेवाली काटा मारते. त्याला कळतं,
पण भाव विचारण्यापुरतेही शब्द नाहीत.

एकदा नीलव्वानं कॅलेंडरमागचा नकाशा काढला.
हे इकडचं, ते तिकडचं, मधली ही हद्द.
त्यानं चिमूट उघडून, मिटून विचारलं:
रेषा केवढी रुंद?
"मला काय ठाऊक," नीलव्वा म्हणाली,
"बहीण शिनोळीला दिलीया. बसमध्ये मला झोप लागती.
उठते तवा ती रेषा मागं गेलेली असती."

शनिवारी अर्धी शाळा. तो आमच्या कंपाउंडला टेकून उभा.
एक आवार, दोन शाळा, नळ एकच.
आमची पोरं घोकतात त्रिकोण,
पलीकडची त्रिभुज.
आम्ही कोपरे मोजतो, ते बाजू.
तो दोन्हीकडे कान देतो,
बोटं घालतो: तीन. तीन.
मी वाट बघते, आता काहीतरी मोठं बोलेल.
तो नळाकडे हात करतो.
तहान लागलेली असते त्याला.

आणि रविवारी शेजारी मालूताई मांडे करतात.
पिठाचा गोळा मनगटांवर फिरतो,
फिरता फिरता वाढतो, इतका पातळ
की पलीकडचा जाळ दिसावा.
पालथ्या खापरावर पडतो अख्खा गोल,
पिठीसाखर, खसखस,
आणि गरम आहे तोवर घडी, घडीवर घडी.
ताटात येतो चौकोन.

तो ताडकन उठतो.
पट्टी नाही, कंपास नाही,
बाईच्या हाताला राख लागलेली
आणि वर्तुळाचा चौकोन झालेला!
"परत," तो म्हणतो. त्याला आलेला पहिला मराठी शब्द.
"परत कसलं? आधी खा."
तो क्षेत्रफळाची खूण करतो, दोन्ही हात पसरून:
हा त्याच्याएवढाच का?
"कमी पडला तर अजून एक घे की."

दाढीत साखर घेऊन तो माडी चढतो.
रात्री त्याच्या खिडकीत दिवा नाही.
काय करत असेल, मला नाही सुचलं.

वैजू दोन दिवस आलाच नाही. त्यांच्या मागावर गडी नव्हता.
गुरुवारी आला, नखांत निळा रंग.
मी हजेरीतच सांगून टाकलं:
"शिळी भाकरी. तेल-चटणी."
त्यानं समासात लिहून घेतलं, खाली रेघ मारली,
पेन्सिलचं टोक चावलं,
आणि उभा राहिला.

"कशावरून ओ टीचर?"