परिच्छेद अकरा

सोमवारी आणि गुरुवारी डोकं धुते.
फेस पाच मिनिटं तसाच ठेवायचा,
डॉ. आगट्यांनी चिठ्ठीवर ‘पाच’ला दोनदा गोल केलाय.
पाच मिनिटं ओल्या फरशीवर उभं राहून
माणसानं काय करायचं?
मी जाळीकडे बघत नाही.
मग बघते.
मोजत नाही.
मग मोजते.

वाघोलीला टँकरचं पाणी. नळावर त्याचे पांढरे डाग,
बादलीवर डाग, आणि आई म्हणते, तुझ्या डोक्यावरही तेच.
आईचा तेलावर अजून विश्वास आहे.
रविवारी वाटी कोमट करून दारात येते.
आई, तेल म्हणजे त्या बुरशीचं जेवण गं.
ती वाटी घेऊन परत फिरते,
पाहुणा पानावरून उठून गेल्यासारखी.

डॉक्टर म्हणाल्या, हे जात नाही, आटोक्यात राहतं.
थंडीत वाढेल, जागरणानं वाढेल.
आणि कोंडा नि भांग रुंदावणं ही प्रकरणं दोन,
डोकं एक असलं तरी.
एकाला हा शाम्पू, दुसऱ्याला रात्री एक मिली, भांगात, थेंब थेंब.
सुरुवातीला जास्त गळतील, घाबरू नका.
मी घाबरले. थेंब चुकवले नाहीत.
निकाल नसताना तारखा घेत राहणं
वकिलाला कुणी शिकवायला नको.

पण कोट काळा.
शिवाजीनगरला गाडी लावायची, स्कार्फ सोडायचा,
आधी खांदे झटकायचे, मग फाईल.
काळ्या रंगाची सक्ती ज्यानं केली
त्याच्या टाळूला कधी खाज सुटली नसावी.

डिसेंबरात उज्ज्वला पोकळेच्या नवऱ्याची कैफियत आली.
परिच्छेद अकरा:
अर्जदार हिने लग्नापूर्वी डोक्याचा रोग व केसगळती
लपवून ठेवून जाबदार यांची घोर फसवणूक केली.
सोबत फोटो.
उशीचा अभ्रा, निळा, त्यावर केस.
कुणीतरी सकाळी, ती चहा टाकत असताना,
वाकून, उजेड बघून काढलेला.

रात्री अकराला मी तो कागद पुन्हा वाचत होते.
‘लपवून’वर एक कण पडला,
अनुस्वारासारखा, बरोबर प वर.
फुंकर मारली.
दुसरा पडला.

सवयीनं टाईप केलं:
सदर मजकूर खोटा असून अर्जदारास मान्य नाही.

सकाळी कोर्टाच्या जिन्यात उज्ज्वला भेटली.
मॅडम, ते उशीचं सगळ्यांसमोर वाचणार?
मी काही बोलायच्या आत
तिनं ओढणीच्या टोकानं माझा डावा खांदा झटकला,
शाळेला निघालेल्या पोराची कॉलर नीट करावी तसा,
आणि हळूच विचारलं,
तुम्ही कुठला लावता?

नाव सांगितलं. सांगितलं, फेस पाच मिनिटं ठेवायचा.
पाच? ती हसली.
सासूबाई दुसऱ्या मिनिटाला कडी वाजवायच्या.
मला वाटायचं औषधच खोटं.

तिथेच, जिन्यात, फाईल गुडघ्यावर ठेवून
मी ती ओळ खोडली.
वरती पेनानं लिहिलं:
कोंडा आहे. केस गळतात.
लपवले नव्हते. डोक्यावर होते.

साहेबांनी वाचलं, चष्मा वर केला,
माझ्याकडे बघितलं की माझ्या खांद्याकडे, कळलं नाही.
पुढची तारीख अठ्ठावीस जानेवारी.

आज गुरुवार. गीझर बंद केला, फेस केला.
आज जाळीत किती, अजून पाहिलं नाही.
धायरीला, भावाच्या घरी,
कुणी कडी वाजवत नसेल असं धरून चालते.
तीन मिनिटं झाली.
आई बाहेरून विचारतेय, झालं का गं?
नाही.
अजून दोन आहेत.