पायरी नववी

नाटे बंदरात आता बोटींची नावं राजापुराहून छापून येतात,
गुंडाळी सोडली, चिकटवली, तासाभरात काम खलास.
तेव्हा नाझनीन म्हणाली, दाजीकाका,
तुमच्या अक्षरांचं एक वेबपान करू या. तुम्हीच करायचं.
मी म्हटलं, पान मला कात-चुन्याचं तेवढं येतं.

तिने जुनं कॅलेंडर उलटं केलं.
कोऱ्या पाठीवर स्केचपेनने स्क्रीन काढला,
जसाच्या तसा, कोपऱ्यातल्या घड्याळासकट,
आणि जिथे बोट ठेवायचं तिथे लाल गोल.
गोलातून बाण, बाणाखाली आकडा.
तोंडाने काही सांगितलं नाही. बरं झालं.
मला कानाने शिकता येत नाही;
वस्तादाने 'ळ' शिकवला तोही माझ्याकडे पाठ करून,
नुसता हात हलत होता त्याचा.

पायरी दोन: पानाला डोकं असतं, मग धड.
डोक्यातलं पानावर दिसत नाही, पण लागतं.
(आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं नेमकं उलट.)

पायरी चार: उघडलं ते बंद करायचं.
टोकदार कंसांची जोडी, पुढे शब्द,
शेवटी तीच जोडी, पोटात एक तिरकी काडी घेऊन.
काडीला तिने दोनदा गोल केला होता.
तरी विसरलो.
शीर्षक उघडंच राहिलं आणि खालचं सगळं फुगलं:
बोटी, फोन नंबर, माझं आडनाव,
लिलावात दर पुकारावा तसे सगळे एकदम ओरडायला लागले.
अर्धा तास शोधली. एक काडी.

सहावी समासाची. इथे मीच तिला शिकवायला गेलो.
म्हटलं, नाळेवर सूत मारताना चार बोटं जागा सोडावी,
फळी पुढे वळते, वळणावर अक्षर अंग चोरतं.
स्क्रीन वळत नाही काका, ती म्हणाली.
मी तिचाच फोन आडव्याचा उभा केला.
'अल-बहार' मधला 'र' घसरून खालच्या ओळीत पडला.
ती बराच वेळ त्या 'र'कडे बघत राहिली.

सातवीत रंग. प्रत्येक रंगाला सहा खुणांचा नंबर.
ते काही मला पटलं नाही, अजून पटत नाही.
डब्याच्या झाकणावर मी निळा कालवला, थेंबभर काळा टाकून,
ती फोटो काढून नंबर शोधत बसली.
जवळ आली. जवळ म्हणजे जवळच.

आठवीत फोटो चढवले, एकवीस बोटींचे.

नवव्या पानावर तिने काहीच काढलं नव्हतं.
एक रिकामी चौकट, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात:
चित्र आलं नाही तर त्या जागी शब्द दिसतात.
ते आधी लिहून ठेवायचे.

मला एकच बोट आठवली.
तिच्या आजोबांची 'नूर-ए-साहिल', जैतापूरच्या खाडीत फोडली,
फळ्या भावाने गेल्या.
'नू' अजून कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला आहे,
उलटा ठोकलेला. फोटो कधी कुणी काढला नाही.
मी बाविसावी चौकट घातली, चित्राशिवाय,
आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, टाइप केलं:
शेंदरी नाळ. पांढरी अक्षरं.
'ल' ची शेपटी ओघळलेली, त्या दिवशी वारा होता.

नाझनीनने वाचलं. म्हणाली,
नाळ शेंदरी नव्हती काका, हिरवी होती.
मी तिच्यावरच खेळले आहे.

हिरवी होती. अस्तर शेंदरी होतं, दोन हात,
ते सुकायला मी तीन दिवस किनाऱ्यावर बसून होतो.
तुला हिरवी दिसली, मला अजून खालची दिसते.

तिने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.
दोन्ही लिहा, म्हणाली, जागा आहे.